ल्योंला खायला जाताना: पोटाच्या हिशेबाने आखलेली सहल

फ्रान्सची सहल ठरली की आपण आधी बघायच्या ठिकाणांची यादी करतो आणि जेवणं मिळतील तिथे बसवतो. पॅरिसमध्ये ते खपून जातं. ल्योंमध्ये असं केलंत, तर नेमकं ज्यासाठी गेलात ते हातून निसटण्याची शक्यता जास्त. तिथली चांगली खाणावळ दुपारी दोन तास आणि रात्री दोन-अडीच तास उघडी असते, अनेक ठिकाणी शनिवार-रविवार किंवा रविवार-सोमवार कुलूप असतं, आणि बसायला जागा मोजकी. शिवाय तिथलं जेवण इतकं जड की दिवसाला एकच मोठं जेवण झेपतं. म्हणजे चार दिवसांत मोठी जेवणं चारच. ती आधी ठरवायची, आणि चर्च, संग्रहालयं, नदीकाठ त्यांच्या आजूबाजूला बसवायचे. पुढचा सगळा लेख या एका हिशेबावर आहे.

ल्योंच का?

इ. स. पूर्व 43 मध्ये रोमनांनी वसवलेलं हे गाव. तेव्हाचं नाव लुग्दुनुम. फुर्व्हिएरच्या टेकडीवर रोमन नाट्यगृह अजून आहे, खाली सोन नदीकाठी मध्ययुगीन आणि रेनेसाँस काळातलं जुनं शहर आहे, आणि 1998 पासून हा मोठा भाग युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. पण खाण्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो नकाशा. रोन आणि सोन या दोन नद्यांच्या संगमावर शहर. उत्तरेला बोजोलेचे द्राक्षमळे, ईशान्येला ब्रेसची कोंबडी आणि दोंबच्या तळ्यांतले मासे, वायव्येला शारोलेची गुरं, पूर्वेला आल्प्सकडचं चीज, दक्षिणेला रोन खोऱ्यातली फळं आणि वाईन. ब्रेसच्या कोंबडीला तर 1957 पासून वाईनसारखं कायदेशीर भौगोलिक संरक्षण आहे. एवढं सगळं दारात आल्यावर स्वयंपाक बिघडवायलाच कौशल्य लागेल. कुर्नोन्स्की या नावाने लिहिणाऱ्या फ्रेंच खाद्यसमीक्षकाने 1935 मध्ये ल्योंला जगाची खाद्यराजधानी म्हटलं. शहर ते अजून मिरवतं.

मात्र ल्योंची चव घडवली ती रेशमाच्या मागावर काम करणाऱ्यांनी. या विणकरांना 'कानू' म्हणत. एकोणिसाव्या शतकात क्रुआ-रूसच्या टेकडीवर त्यांची वस्ती होती. जकार्डचे माग उंच, म्हणून तिथल्या घरांची छतंही उंच. मजुरी तुटपुंजी, इतकी की 1831 आणि 1834 मध्ये त्यांनी उठाव केले. श्रीमंतांच्या ताटात कोंबडीची तंगडी गेली की उरलेली आतडी, जठर, पाय, डोकं यांच्यातून कष्टकऱ्यांचं जेवण व्हायचं. पहाटेपासून काम करून सकाळीच सॉसेज, आतड्यांचे पदार्थ आणि वाईन असा भरपेट आहार घ्यायचा, त्याला 'माशों' म्हणतात.

दुसरा धागा 'मेर' म्हणजे आयांचा. श्रीमंत घरांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांनी पुढे स्वतःच्या खाणावळी काढल्या. मोजकेच पदार्थ, तेच रोज, आणि रोज तितकेच चांगले. मेर फियू यांची खासियत म्हणजे कातडीखाली काळ्या ट्रफल या सुगंधी बुरशीच्या चकत्या सरकवून शिजवलेली कोंबडी. त्यांच्याकडे काम केलेल्या युजेनी ब्राझिए यांनी 1921 मध्ये र्‍यू रुआयालवर आपलं हॉटेल काढलं आणि 1933 मध्ये त्यांच्या दोन हॉटेलांना मिशलँ या खाद्यमार्गदर्शिकेचे प्रत्येकी तीन तारे मिळाले. एका व्यक्तीच्या नावावर सहा तारे असं तोवर कुणाचंच झालं नव्हतं. पॉल बोक्यूझ हा पुढचा जगप्रसिद्ध शेफ त्यांच्याच हाताखाली उमेदवारी करून गेला. गिरण्यांच्या मुंबईत कामगारांना डबे आणि जेवण घालणाऱ्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलं, ते आपल्याला माहीत आहे. ल्योंच्या मेर आणि या खाणावळवाल्या यांची परिस्थिती सारखी नव्हती. पण कापडाच्या धंद्यावर जगणाऱ्या शहराची चव बायकांच्या चुलीवर ठरते, हे दोन्हीकडे दिसतं. म्हणूनच माझं मत असं की ल्योंत ताऱ्यांच्या मागे धावण्याआधी साध्या खाणावळीत बसावं.

पहिली पायरी: महिना आणि वार

महिना निवडताना ऑगस्ट टाळा. अर्धं शहर सुट्टीवर जातं आणि कितीतरी खाणावळी दोन-तीन आठवडे बंद असतात. आपल्याकडे तेव्हा बहुधा श्रावण असतो, त्यामुळे पाळणाऱ्यांचं फारसं नुकसान नाही. जेवणासाठी सगळ्यांत चांगला काळ ऑक्टोबर ते मार्च. जड रस्से, भाजलेली सॉसेजं, लोण्यातल्या ग्रातँ (भट्टीत खरपूस भाजलेल्या भाज्या), हे सगळं थंडीतच पचतं. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बोजोले नुव्हो, म्हणजे त्या वर्षीची ताजी वाईन बाहेर येते. डिसेंबरात 'कारदों' नावाची आर्टिचोकच्या कुळातली जाड दांड्यांची भाजी मिळते, ती हाडांतल्या मज्जेबरोबर शिजवतात. फेब्रुवारीत, ख्रिस्ती लोकांच्या उपासाच्या दिवसांआधी, 'ब्यून्य' नावाच्या तळलेल्या, साखर भुरभुरलेल्या पट्ट्या जागोजागी दिसतात. आपल्या गोड शंकरपाळ्यांवर वाढलेल्या कुणालाही त्या परक्या वाटणार नाहीत. एप्रिल-मेमध्ये शतावरी आणि स्ट्रॉबेरी येतात, हवा सुखद असते, पण सुट्ट्या बऱ्याच पडतात.

8 डिसेंबरच्या आसपास दिव्यांचा उत्सव असतो. 1852 साली फुर्व्हिएरवर मेरीच्या पुतळ्याची प्रतिष्ठापना झाली, तेव्हा लोकांनी खिडक्यांत दिवे लावले, तिथून तो सुरू झाला. बघण्यासारखा आहे, पण त्या चार दिवसांत हॉटेलच्या खोल्यांचे भाव चढतात आणि रस्त्यात पाय ठेवायला जागा नसते. खाण्यासाठी जाणार असाल तर ते दिवस वगळा. विषम वर्षांच्या जानेवारीत सिऱ्हा हे हॉटेल व्यवसायाचं प्रचंड प्रदर्शन आणि त्यातच बोक्यूझ दोर ही शेफ लोकांची स्पर्धा भरते. तेव्हाही जागा मिळणं कठीण.

आता वार. सोमवार हा ल्योंमधला रिकामा दिवस. मोठे बाजार बंद, बाजारघर बंद, बऱ्याच खाणावळी बंद. रविवारी सकाळी बाजार जोरात असतो, संध्याकाळी शहर सामसूम. म्हणून बुधवारी दुपारी पोहोचायचं आणि सोमवारी सकाळी निघायचं, ही आखणी सगळ्यांत सोयीची. शुक्रवारी रात्री पोहोचून सोमवारी परत, असा 'वीकेंड' केलात तर निम्मी जेवणं बंद दारांसमोर संपतील.

दुसरी पायरी: व्हिसा, विमान, रेल्वे

यावर फार शब्द खर्च करत नाही. फ्रान्सचा शेंगेन व्हिसा प्रवासाच्या सहा महिने आधीपासून मागता येतो, किमान पंधरा दिवस आधी अर्ज हवाच, पण सुट्टीच्या हंगामात भेटीची वेळच लवकर मिळत नाही, म्हणून दोन-तीन महिने धरून चाला. जून 2024 पासून प्रौढांसाठी शुल्क 90 युरो आहे, केंद्राचा सेवाआकार वेगळा. किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो.

मुंबईहून पॅरिसला थेट विमान आहे. पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळाखालीच रेल्वे स्थानक आहे. तिथून टीजीव्ही या वेगवान गाडीने सुमारे दोन तासांत ल्योंच्या पार-दिय स्थानकावर पोहोचता येतं, पॅरिस शहरात शिरायचीही गरज नाही. तिकीट जितकं आधी तितकं स्वस्त. फक्त विमान उतरणं आणि गाडी सुटणं यांत तीन तास तरी ठेवा. ल्योंच्या स्वतःच्या सेंत-एक्झ्युपेरी विमानतळावर उतरलात, तर रोनएक्सप्रेस ट्राम अर्ध्या तासाच्या आत पार-दियला आणते.

घरून खाऊ नेताना एक लक्षात ठेवा. युरोपीय संघात बाहेरून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ प्रवाशांच्या सामानातून नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, तूप, पनीर घरीच ठेवा. भडंग, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट यांना अडचण नाही. आंब्यांचा मोह टाळा.

तिसरी पायरी: मुक्काम

दोन नद्यांमधल्या चिंचोळ्या पट्ट्याला 'प्रेस्किल' म्हणतात. तेरो चौक ते बेलकूर चौक या भागात राहिलात, तर बहुतेक चांगल्या खाणावळी चालत गाठता येतात, आणि तशा जेवणानंतर चालत परतणं गरजेचंच असतं. जुनं शहर, म्हणजे व्हियो ल्यों, दिसायला देखणं, पण रात्री गजबजाट आणि दगडी रस्त्यांवर बॅगांचा खडखडाट. कुटुंब असेल, सोबत शाकाहारी किंवा लहान मुलं असतील, तर क्रुआ-रूसच्या माथ्यावर स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्या. खाली उतरलं की बाजार, आणि वरणभाताची सोयही होते. कुकर मिळेल असं गृहीत धरू नका. मूगडाळ घ्या, उघड्या पातेल्यात शिजते. मेट्रोची सी मार्गिका त्या टेकडीवर दातेरी रुळांवरून चढते, फुर्व्हिएरला फ्युनिक्युलर जाते. गावकरी तिला 'फिसेल', म्हणजे दोरी म्हणतात.

चौथी पायरी: आरक्षण

ल्योंच्या पारंपरिक खाणावळीला 'बुशों' म्हणतात. चौकडीचे टेबलपोस, लाकडी बाकडी, भिंतीवर जुन्या जाहिराती, खेटून बसलेली माणसं. हा थाट कुणालाही उभा करता येतो, आणि व्हियो ल्योंमधल्या र्‍यू सें-जाँ किंवा प्रेस्किलमधल्या र्‍यू मेर्सिएर या रस्त्यांवर पर्यटकांसाठी तो रांगेने उभा केलेला आहे. सगळंच वाईट आहे असं नाही, पण पाच भाषांतला सचित्र मेन्यू आणि दारात उभं राहून बोलावणारा माणूस दिसला की मी पुढे जातो. 2012 पासून 'ले बुशों ल्योने' असं अधिकृत मानचिन्ह आहे, ते दारावर बघा. नावंच हवी असतील तर काफे दे फेदेरासियों, ल म्युझे, शे ह्युगों, ल गारे, ला म्यूनिएर, दानिएल ए देनीझ आणि एने भागातलं काफे कोंत्वार आबेल, ही शहरातली जुनी-जाणती घरं.

बुशोंसाठी आठ-पंधरा दिवस आधी जागा धरली की पुरते. दुपारचं आरक्षण सोपं आणि जेवण स्वस्त. दुपारी साधारण बारा ते दोन, रात्री साडेसात ते साडेनऊ अशी वेळ असते. दुपारी अडीचला 'काहीतरी मिळेल का' म्हणून गेलात, तर नाही म्हणतील आणि त्यात उद्धटपणा नसतो, चूल खरंच बंद झालेली असते. ताऱ्यांच्या ठिकाणी दोन-तीन महिने आधी धरावं लागतं. तिथेही दुपारचा मेन्यू बघा, बिलात चांगलाच फरक पडतो. र्‍यू रुआयालवरचं ला मेर ब्राझिए 2008 पासून मातिय व्हियाने चालवतात. शहराबाहेर कोलोंजमधलं पॉल बोक्यूझचं हॉटेल 1965 पासून 2020 पर्यंत सलग तीन ताऱ्यांचं होतं. 1975 मध्ये राष्ट्राध्यक्ष जिस्कार देस्तँ यांच्यासाठी बोक्यूझने केलेलं, पापुद्र्याच्या टोपीखालचं ट्रफलचं सूप तिथे अजून मिळतं. एकदाच एवढा खर्च करायचा असेल तर मी ब्राझिएंचं घर निवडेन, कारण शहराची गोष्ट तिथून सुरू होते.

येता न आल्यास फोन किंवा ईमेल करून नक्की कळवा. वीस-तीस खुर्च्यांच्या खाणावळीत चार रिकाम्या राहिल्या की मालकाचा दिवस बसतो.

आणि जेट लॅगचा हिशेब धरा. भारतापेक्षा ल्यों हिवाळ्यात साडेचार, उन्हाळ्यात साडेतीन तास मागे. तिथल्या रात्री आठच्या जेवणाला आपल्या शरीरात साडेअकरा-साडेबारा वाजलेले असतात. पहिल्या संध्याकाळी कुठेही मोठं आरक्षण करू नका. सूप, पाव, चीज आणि झोप. पहिलं खरं जेवण दुसऱ्या दिवशी दुपारी.

पाचवी पायरी: बुशोंत बसल्यावर

आत शिरताच 'बॉन्जूर' म्हणा. न म्हणता थेट 'टेबल फॉर फोर' केलंत, तर पुढचं सगळं थंड पडतं. फळ्यावर 'फोर्म्यूल' किंवा 'मेन्यू' लिहिलेला असतो, म्हणजे ठरलेल्या किमतीत दोन-तीन पदार्थ. दुपारी साधारण वीस-तीस युरो, रात्री तीस-चाळीस. 'आंत्रे' म्हणजे सुरुवातीचा पदार्थ आणि 'प्ला' म्हणजे मुख्य. पाणी हवं असेल तर 'यून काराफ दो' म्हणा. नळाचं पाणी जेवणासोबत फुकट देणं बंधनकारक आहे, पावही फुकट. सेवाआकार किमतीतच असतो, वर एक-दोन युरो ठेवले तरी पुरे. बिल मागितल्याशिवाय येत नाही, 'लादिसियों, सिल व्हू प्ले' म्हणावं लागतं. चौघांत दोन ताटं वाटून घ्यायची आपली सवय तिथे चालत नाही, माणशी एक मेन्यू धरून चाला. उरलं तर डब्यात बांधून मागा, 2021 पासून ते देणं हॉटेलांना बंधनकारक आहे.

आता पदार्थ. सुरुवात 'सालाद ल्योनेझ'ने करा: किंचित कडसर कुरळी पानं, डुकराच्या मांसाचे परतलेले तुकडे, पावाचे कुरकुरीत तुकडे आणि वर अर्धवट शिजलेलं अंडं, जे फोडून सगळ्यात मिसळायचं. काही घरांत 'सालादिए' येतात, म्हणजे मसूर, बटाटे, हेरिंग मासा, पाया अशा वाडग्यांची रांग टेबलावर ठेवतात आणि हवं ते घ्यायचं. इथे हात आखडता घ्या, मुख्य पदार्थ अजून यायचाय. ब्रिओश पावात भाजलेलं सॉसेज, 'सोसिसों ब्रिओशे', हाही सुरुवातीचाच.

मुख्य पदार्थात पहिल्यांदा जाणाऱ्याने 'केनेल द ब्रोशे' मागवावं. ब्रोशे हा गोड्या पाण्यातला मासा, हाडांनी भरलेला. तो वाटून, गाळून, अंडी-मैद्यात मिसळून त्याचे लांबट गोळे करतात आणि झिंग्याच्या जातीच्या नदीतल्या जीवांच्या 'नांतुआ' रश्श्यात भाजतात. ते फुगून वर येतात आणि चमच्याखाली थरथरतात. जुन्या पद्धतीत त्यात बैलाच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी घालत, आता बऱ्याच ठिकाणी लोणी असतं. बीफ वर्ज्य असेल तर विचारून घ्या. 'पुले ओ व्हिनेग्र', व्हिनेगरच्या आंबट रश्श्यातली कोंबडी, आपल्या जिभेला लगेच पटते. ज्यांना डुक्कर आणि बीफ दोन्ही नको, त्यांच्यासाठी कोंबडी हा सगळ्यांत सरळ मार्ग.

वजडी, पाया, भेजा खाणाऱ्यांसाठी तर ल्यों माहेर आहे. 'ताब्लिए द सापर' म्हणजे गुरांच्या जठराचा चौकोन वाईनमध्ये मुरवून, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेला. 'आंदुयेत' म्हणजे आतड्यांचं सॉसेज, मोहरीच्या रश्श्यात. त्याचा वास उग्र असतो. वजडी ज्यांना वासासकट आवडते त्यांनीच आंदुयेत मागवावं, बाकीच्यांनी शेजारच्या टेबलावरच्या ताटाचा वास घेऊन निर्णय घ्यावा. कोंबडीच्या काळजाचा मऊ 'गातो द फुआ' हा त्यामानाने सौम्य, सुरुवात करायला बरा.

वाईन घेणार असाल तर 'पो' मागा. जाड बुडाची, 46 सेंटिलिटरची ही बाटली ल्योंची खूण आहे. तिच्यात बोजोले किंवा कोत द्यू रोन भरून येतं. रोन, सोन आणि बोजोले अशा तीन नद्या ल्योंमधून वाहतात, असं गावकरी गमतीने म्हणतात.

शेवटी चीज. ठरलेल्या मेन्यूत बहुधा 'फ्रोमाज ब्लां', म्हणजे ताजं मऊ चीज, किंवा सें-मार्सेलँ यांतलं एक निवडायचं असतं. सें-मार्सेलँ ही तळहाताएवढी चकती ल्योंमध्ये अगदी वितळायच्या बेताला आल्यावर खातात. पावाने पुसून घ्यावी लागते, काट्याचा उपयोग नाही.

शाकाहारी मंडळींचं काय?

खरं सांगायचं तर बुशोंत शाकाहाऱ्याचे हाल होतात. भाजीच्या ग्रातँमध्ये मांसाचा रस, कांद्याच्या सूपमध्ये बीफचं पाणी, सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये डुकराची चरबी, हे सर्रास असतं. 'व्हेजिटेरियन' म्हटल्यावर मासा आणून ठेवणारेही भेटतात. त्यामुळे नेमकं सांगा: 'ज न मांज नी व्यांद, नी प्वासों'. मांसही नाही, मासाही नाही. सॅलड मागवताना 'सां लार्दों' म्हणा आणि ड्रेसिंगचं विचारा.

हक्काचा पदार्थ म्हणजे 'सरव्हेल द कानू'. ताजं मऊ चीज फेटून त्यात छोटे कांदे, पातीचा कांदा, हिरवी पानं, तेल, व्हिनेगर आणि मिरी. चवीला लसूण-कांदा घातलेल्या चक्क्याच्या जवळ जाणारा, उकडलेल्या बटाट्यांबरोबर पोटभर होतो. 'राव्हिओल द्यू दोफिने', चीज आणि पार्सली भरलेले नखाएवढे चौकोन, हेही बऱ्याच ठिकाणी मिळतात. मात्र फ्रान्समधली बहुतांश पारंपरिक चीजं वासराच्या जठरातल्या विरजणाने बनतात. ते चालणार नसेल तर चीज जवळजवळ संपूर्ण सोडावं लागेल, हे निघण्याआधीच ठरवा. जैन पद्धतीने जेवणाऱ्यांनी बुशोंचा नाद सोडून स्वयंपाकघराच्या घरातच राहावं. रोनच्या पलीकडे गियोतिएर भागात आशियाई किराणा आणि उत्तर आफ्रिकी हॉटेलं आहेत. भाज्यांचं कुसकुस तिथे मिळतं, पण त्यातही रस्सा कशाचा ते विचारावंच.

घरात एक शाकाहारी आणि एक मांसाहारी असेल तर माझा तोडगा असा: बुशोंचं एकच जेवण एकत्र घ्या, आरक्षण करतानाच शाकाहाराचं लिहून कळवा, आणि बाकी दिवस बाजारावर भर द्या. बाजारात दोघांनाही मनासारखं मिळतं.

बाजार

ल्योंमध्ये माझा सगळ्यांत आवडता भाग हाच. क्रुआ-रूसच्या बुलव्हारवर मंगळवार ते रविवार सकाळी बाजार भरतो. शेतकरी स्वतः माल घेऊन येतात आणि भाव खालच्या शहराच्या मानाने बरे. सोनच्या काठावर सेंत-आंत्वान बाजार, तोही सोमवार सोडून रोज सकाळी. समोर टेकडी आणि जुन्या शहराचे रंगीत दर्शनी भाग. इथे भाजलेली कोंबडी फिरत असते, खाली ट्रेमध्ये तिच्या रसात बटाटे शिजत असतात. अर्धी कोंबडी, बटाटे, पाव आणि फळं घेऊन नदीकाठच्या पायऱ्यांवर बसलात, तर दोघांचं जेवण बुशोंच्या एका मेन्यूच्या पैशांत होतं. भाजीला स्वतः हात लावू नका. बोट दाखवा, कधी खाणार ते सांगा. आज की उद्या, त्याप्रमाणे विक्रेता पिकलेलं फळ निवडून देतो.

तिसरं ठिकाण पार-दियजवळचं 'ले आल द ल्यों पॉल बोक्यूझ'. 1971 मध्ये सुरू झालेलं हे झाकलेलं बाजारघर. बाहेरून एखाद्या सरकारी कचेरीसारखं दिसतं, आत मात्र काचेमागे शहराची सगळी श्रीमंती मांडलेली. मेर रिशार यांच्या दुकानात सें-मार्सेलँ, सिबिलियाकडे रोझेत आणि झेझ्यू ही वाळवलेली सॉसेजं, ब्रेसच्या कोंबड्या पांढऱ्या पिसांच्या मानेसकट. भाव चढे आहेत, घरचा बाजार करायला ही जागा नव्हे. रविवारी सकाळी जा. कालवांच्या टेबलांवर गावकरी पांढऱ्या वाईनबरोबर कालवं खात बसलेले असतात. अर्धा डझन कालवं, पाव, लिंबू, एवढं घेतलं तरी तासभर सहज जातो. दुपारी एकनंतर दुकानं आवरायला लागतात.

दिवस कसे बसवायचे

बुधवार दुपारी पोहोचून फक्त नदीकाठी चाला. गुरुवारी सकाळी फुर्व्हिएर, रोमन नाट्यगृह, मग उतरत व्हियो ल्यों. तिथे 'त्राबूल' बघा, म्हणजे इमारतींच्या पोटातून एका रस्त्यावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या वाटा. लोक राहतात तिथे, म्हणून आवाज हळू. दुपारी पहिला बुशों. संध्याकाळी भूक लागणार नाही, लागली तर सूप.

शुक्रवारी क्रुआ-रूस. सकाळी बाजार, मग मेझों दे कानू या विणकरांच्या संग्रहालयात चालता माग, कानूंच्या भिंतीवरचं भव्य चित्र, उतारावरचा कूर दे व्होरास हा त्राबूल. माशोंची हौस असेल तर त्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला एखाद्या बुशोंत आधी ठरवून बसा. मग दुपारचं जेवण वगळा, नाहीतर शनिवार वाया जाईल. ताऱ्यांचं जेवण करायचं असेल तर शुक्रवारी रात्री.

शनिवारी आगगाडीने अर्ध्या तासाच्या आत व्हिएन या जवळच्या फ्रेंच गावी जाता येतं. शनिवारी तिथे मोठा आठवडी बाजार भरतो, शिवाय ऑगस्टसचं रोमन मंदिर भर गावात उभं आहे. ल्योंतच राहणार असाल, तर दुपारी मेट्रोने मोंप्लेझीरला जा. ल्युमिएर बंधूंचा कारखाना तिथे होता आणि 1895 मध्ये कारखान्याच्या दारातून बाहेर पडणाऱ्या कामगारांचं चित्रीकरण त्यांनी तिथेच केलं. त्यांचे चित्रपट 7 जुलै 1896 ला मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवले गेले. मराठी सिनेमावेड्या माणसाने हा भाग चुकवू नये. रात्री दुसरा बुशों.

रविवारी 'ले आल' बाजारघर. रात्री बहुतेक ठिकाणी कुलूप असेल, तेव्हा पेराश स्थानकाजवळची ब्रासेरी जॉर्ज उपयोगी पडते. 1836 पासून चालू आहे, आठवडाभर उघडी असते. प्रचंड दिवाणखाना, स्वतःची बिअर, आणि दर थोड्या वेळाने कुणाचा तरी वाढदिवस. अन्न ठीकठाक, जागा मजेदार.

गोड आणि परतीचं सामान

ल्योंच्या मिठाईचा रंग गुलाबी. साखरेच्या लालसर पाकात घोळवलेले बदाम म्हणजे 'प्रालीन रोझ'. ते सायीत वितळवून केलेली 'तार्त ओ प्रालीन' चकाकत्या लाल रंगाची आणि भयंकर गोड असते. दोघांत एक तुकडा पुरतो. ब्रिओशमध्ये हेच प्रालीन भरलेला 'प्रालूलीन' पाव सकाळी कॉफीबरोबर जास्त चांगला लागतो. चॉकलेटसाठी कूर फ्रांकलँ रूझव्हेल्टवरचं बेर्नाशों. कोको बी भाजण्यापासून सगळं तिथेच करतात. महाग आहे, पण चवीला तोड नाही.

घरी आणायला सुटे प्रालीन सगळ्यांत सोयीचे. वजनावर मिळतात, महिनोन् महिने टिकतात, आणि ते सायीत शिजवून घरी तार्त करता येते. व्हुआझँ या दुकानाचे 'कूसँ द ल्यों', हिरव्या बदामपिठात चॉकलेट भरलेले उशीच्या आकाराचे तुकडे, डब्यात नीट येतात. मात्र आतल्या चॉकलेटला मद्याचा वास असतो, वाटताना सांगावं लागेल. वाईन प्रौढ माणशी दोन लिटरपर्यंत करमुक्त आणता येते. सॉसेजं आणि मांसाचे डबे आणायच्या फंदात पडू नका, कस्टममध्ये काढून घेतील. सें-मार्सेलँही तिथेच खाऊन संपवा. विमानाच्या प्रवासात त्याच्या वासाने शेजारचे प्रवासी हैराण होतील, आणि मुंबईच्या उकाड्यात घरी पोहोचेपर्यंत चकतीचं पाणी झालेलं असेल.